मुकुट परत करणारी मुलगी

२०२४ सालच्या मे महिन्यात अमेरिकेत तीन दिवसांच्या आत दोन मुकुट परत करण्यात आले. ६ मे रोजी नोएलिया व्हॉइट या तरुणीने 'मिस यूएसए' हा किताब सोडला. ८ मे रोजी 'मिस टीन यूएसए' या किशोरवयीन मुलींच्या राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेची विजेती उमासोफिया श्रीवास्तव हिनेही तोच मार्ग पत्करला. भारतीय पिता आणि मेक्सिकन माता यांची ही मुलगी न्यू जर्सी राज्यातली. किताब तिला मिळाला तो सप्टेंबर २०२३ मध्ये. सोडला तेव्हा ती अकरावीत शिकत होती. आपली जीवनमूल्ये आणि संस्थेची वाटचाल यांचा मेळ आता पुरता बसत नाही, एवढेच तिने जाहीरपणे सांगितले. व्हॉइटच्या निवेदनात त्याहून विलक्षण प्रकार होता. त्यातील पहिल्या अकरा वाक्यांची आद्याक्षरे ओळीने वाचली, तर 'माझे तोंड बंद करण्यात आले आहे' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य तयार होते, हे चाणाक्ष वाचकांनी हेरले.

करारातील गुप्ततेच्या कलमांमुळे मुलींना बोलता येत नाही, म्हणून दोघींच्या मातांनी दूरचित्रवाणीवर येऊन मुलींना मिळालेल्या वागणुकीची तक्रार केली. स्पर्धेच्या व्यवस्थापनाने छळाचे आरोप फेटाळले. कोणाची बाजू खरी, हे ठरविण्याचे साधन बाहेरच्या माणसापाशी नाही. आणि नेमकी हीच या प्रकरणातील मूळ गोष्ट आहे. एखाद्या गिरणीत कामगाराला अपमानाची वागणूक मिळाली, तर निदान युनियन असते, कामगार आयुक्त असतो, कामगार न्यायालय असते. शाळेत विद्यार्थिनीचा छळ झाला, तर पालकांना मुख्याध्यापकांपासून शिक्षणखात्यापर्यंत दारे ठोठावता येतात. राष्ट्राचे नाव पट्ट्यावर मिरविणाऱ्या या मुलीपाशी मात्र एक करार होता आणि एक मुकुट होता. सोडण्याजोगे तिच्या हाती जे होते, ते तिने सोडले. रिकामा झालेला किताब उपविजेत्या मुलीकडे चालून आला, तेव्हा तिनेही तो स्वीकारण्यास नकार दिला. ज्या मुकुटासाठी देशभरातील मुली एकमेकींशी झुंजतात, तो फुकट मिळत असताना कोणी घेऊ नये, ही घटना विचार करावयास लावणारी आहे.

वृत्तपत्रांनी या साऱ्याची हाताळणी नेहमीप्रमाणे केली. अश्रू, हेवेदावे, कोणी कोणास काय म्हटले, याची चर्चा चार दिवस रंगली आणि विरली. परंतु चौदा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलींच्या रूपाची राष्ट्रीय पातळीवर क्रमवारी लावण्याचा हा उद्योग मुळात कोणी उभा केला, कशासाठी उभा केला आणि त्यात कोणाचे काय लागते, हे प्रश्न बाजूलाच राहिले. त्यांची उत्तरे शोधावयाची, तर थोडे मागे जावे लागेल.

अमेरिकेतील सौंदर्यस्पर्धांचा उगम सौंदर्यासक्तीत नाही. तो हॉटेलांच्या हिशेबवह्यांत आहे. अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या गावी उन्हाळ्यात प्रवाशांची झुंबड उडे आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणारा कामगार दिन उलटला की गाव ओस पडे. हंगाम आणखी आठवडाभर लांबला तर हॉटेलवाल्यांचा आणि दुकानदारांचा फायदा होणार होता. त्यासाठी १९२१ साली जी जत्रा भरविण्यात आली, तिच्यातून 'मिस अमेरिका' जन्मली. निरनिराळ्या शहरांतील वृत्तपत्रांनी वाचकांकडून मुलींची छायाचित्रे मागवून खप वाढविला आणि निवडलेल्या मुली अटलांटिक सिटीला पाठविल्या. त्या पहिल्या स्पर्धेची विजेती मार्गारेट गोरमन ही राजधानी वॉशिंग्टनमधील अवघ्या सोळा वर्षांची मुलगी होती. किशोरींना या बाजारात मागाहून कोणी ओढले, असे म्हणता येत नाही. हा बाजार त्यांच्यापासूनच सुरू झाला.

दुसरा टप्पा तर अधिकच बोलका आहे. १९५१ ची 'मिस अमेरिका' योलांड बेटबीझ हिने पोहण्याच्या पोशाखात जाहिरातीसाठी फिरण्यास नकार दिला. स्पर्धेला पैसा पुरविणारी कॅटालिना ही कंपनी पोहण्याचे पोशाखच तयार करीत असे. एका स्त्रीने मालाची जाहिरात करण्याचे नाकारताच कंपनीने त्या स्पर्धेशी असलेले नाते तोडले आणि १९५२ साली कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे 'मिस यूएसए' व 'मिस युनिव्हर्स' या स्वतःच्या स्पर्धा उभ्या केल्या. तेव्हा 'विश्वसुंदरी' हा भारदस्त किताब ज्या भांडणातून निघाला, ते भांडण कपड्याच्या विक्रीचे होते. 'मिस टीन यूएसए' हे त्याच घराण्याचे १९८३ साली जन्मलेले धाकटे अपत्य. त्या वेळी अमेरिकन दूरचित्रवाणीला उन्हाळ्याच्या संध्याकाळी भरावयाच्या होत्या आणि जाहिरातदारांना खिशात स्वतःचा पैसा खुळखुळू लागलेली किशोरवयीन पिढी गाठावयाची होती.

या घराण्याची मालकीही वस्तूप्रमाणेच हातोहात फिरत राहिली. १९९६ पासून २०१५ पर्यंत ती डोनाल्ड ट्रम्प या बांधकाम व्यावसायिकाकडे होती; त्यांतील बराच काळ एक दूरचित्रवाणी कंपनी त्यात भागीदार होती. २०१५ मध्ये मेक्सिकन स्थलांतरितांविषयी ट्रम्प यांनी काढलेल्या उद्गारांवरून गदारोळ उठला, दूरचित्रवाणी कंपन्यांनी संबंध तोडले आणि स्पर्धा कलावंतांची दलाली करणाऱ्या एका बड्या कंपनीला विकण्यात आली. २०२२ च्या ऑक्टोबरात थायलंडमधील जेकेएन या कंपनीने सारा कारभार २ कोटी डॉलरना घेतला. वर्ष उलटताच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, कर्जाच्या ओझ्याखाली त्या कंपनीला थायलंडच्या दिवाळखोरी न्यायालयाकडे धाव घ्यावी लागली. 'राष्ट्रीय' म्हणविल्या जाणाऱ्या या स्पर्धेत राष्ट्र कितपत आहे, याचे एक उत्तर असे की २००८ ते २०१५ अशी आठ वर्षे अमेरिकेची किशोरसुंदरी बहामा बेटांवरील एका आलिशान हॉटेलात निवडली जात होती. जेथे यजमान मिळेल तेथे राष्ट्र, असा हा व्यवहार आहे.

आता या व्यवहाराची आतली रचना पाहू जाता काय दिसते? पन्नास राज्ये आणि राजधानीचा जिल्हा मिळून एक्कावन्न मुली अंतिम फेरीत येतात. परंतु त्या प्रत्येकीच्या मागे राज्यपातळीवरील स्पर्धेत हरलेल्या मुलींची रांग असते. राज्यातील स्पर्धा भरविण्याचा मक्ता खाजगी मक्तेदारांकडे असतो आणि त्या स्पर्धेत उतरावयाचे, तर मुलीच्या घरच्यांनी प्रवेशशुल्क भरावे लागते. त्याखेरीज पायघोळ झगा, केशरचना, चालण्या-बोलण्याची शिकवणी, छायाचित्रे आणि प्रवास हा खर्च वेगळाच. ज्यांना ऐपत नसते, त्या मुली गावातील दुकानदारांकडून वर्गणी गोळा करतात. जिंकते ती एकच. उरलेल्या साऱ्याजणी आपल्या श्रमाने आणि आईबापांच्या पैशाने तो सोहळा उभा करून रिकाम्या हातांनी घरी जातात. भांडवल कामगाराला निदान मजुरी देऊन राबविते. येथे राबणारीच मजुरी मोजते आणि तिला ती 'संधी' म्हणून विकली जाते.

जी जिंकते तिच्याही वाट्याला एक वर्षाचा करार येतो. कोठे जावयाचे, काय नेसावयाचे, कोणत्या मालाबरोबर छायाचित्र काढावयाचे, काय बोलावयाचे आणि काय बोलावयाचे नाही, हे दुसरे कोणी ठरविते. हे काम नव्हे तर काय? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९३९ सालीच बालनटांच्या मिळकतीतील काही भाग त्यांच्या नावे राखून ठेवण्याचा कायदा केला, कारण पडद्यावरील मूल हेही कामगार आहे हे तेथील समाजाला कटू अनुभवाने उमगले होते. सौंदर्यस्पर्धेतील मुलीला मात्र कामगार म्हणून कोणी ओळखतच नाही. ती 'स्पर्धक' असते, 'विजेती' असते, 'राष्ट्राची कन्या' असते. ज्या श्रमाला नावच नाही, त्याला संरक्षण तरी कोणत्या कलमाखाली मिळणार?

मालक आणि स्पर्धक यांच्यातील नात्याचे नागडे रूप एका जुन्या प्रकरणात दिसले. १९९७ च्या 'मिस टीन यूएसए' स्पर्धेतील काही मुलींनी २०१६ साली असे सांगितले की, त्या कपडे बदलत असताना स्पर्धेचे मालक ट्रम्प त्यांच्या खोलीत आले होते. त्याच स्पर्धेतील इतर काहीजणींनी असे काही पाहिल्याचे आपल्याला आठवत नाही असे म्हटले, आणि ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने आरोप नाकारला. परंतु २००५ साली नभोवाणीवरील एका मुलाखतीत, मोठ्या तरुणींच्या स्पर्धांविषयी बोलताना, आपण मालक असल्यामुळे कपडे बदलण्याच्या जागी जाऊन पाहणी करू शकतो, अशी बढाई त्यांनी स्वतःच मारलेली ध्वनिमुद्रित आहे. तो मनुष्य पुढे दोनदा राष्ट्राध्यक्ष झाला म्हणून ही गोष्ट गाजली. एरवी गाजली नसती. येथे महत्त्व एका माणसाच्या स्वभावाला नाही. 'मी मालक आहे, म्हणून पाहणी करतो' या वाक्याला आहे. गोदामातील मालाची पाहणी मालक करतो. माणसांच्या बाबतीत ते वाक्य इतक्या सहजपणे उच्चारता येते, ते माणसांना मालाच्या रांगेत उभे करण्याची व्यवस्था आधीच सिद्ध झालेली असते म्हणूनच.

या स्पर्धांत केवळ रूप पाहिले जात नाही, बुद्धीचीही परीक्षा होते, असे आयोजक नेहमी सांगतात. त्या परीक्षेची कथा २००७ साली साऱ्या जगाने पाहिली. दक्षिण कॅरोलिनाच्या अठरा वर्षांच्या स्पर्धक मुलीला विचारण्यात आले की, अमेरिकनांपैकी एक पंचमांश लोकांना नकाशावर स्वतःचा देश दाखविता येत नाही, असे का? प्रखर दिव्यांच्या झोतात ती मुलगी गडबडली, वाक्ये एकमेकांत गुंतली. ते चित्रण कोट्यवधी लोकांनी पाहिले आणि खिदळत एकमेकांना दाखविले. त्या हसण्याने आपल्या मनात आत्महत्येचे विचार येत असत, असे तिने पुढे सांगितले. सतरा वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स यांनी प्रतिस्पर्धी स्त्री-उमेदवाराची टवाळी करण्यासाठी तेच चित्रण पुन्हा वापरले आणि माफी मागण्याचे नाकारले. प्रश्न वास्तविक गंभीर होता. एवढ्या श्रीमंत देशात सार्वजनिक शिक्षणाची अशी अवस्था का, असा त्याचा अर्थ होता. तो शिक्षणमंत्र्यांना विचारावयाचा, अंदाजपत्रक मांडणाऱ्यांना विचारावयाचा. विचारला गेला तो अर्ध्या मिनिटात उत्तर द्यावयास उभ्या केलेल्या एका शाळकरी मुलीला, आणि शिक्षणव्यवस्थेचे अपयश तिच्या एकटीच्या माथी मारून देश मोकळा झाला.

महाराष्ट्राला या परीक्षेची ओळख पूर्वीच झाली आहे. १९९२ साली मधू सप्रे ही मराठी तरुणी बँकॉक येथील 'मिस युनिव्हर्स' स्पर्धेत अखेरच्या तिघींपर्यंत पोहोचली. देशाची सूत्रे हाती आली तर काय कराल, या प्रश्नाला तिने, मुळात खेळाडू असल्यामुळे, क्रीडांगण उभारीन अशा आशयाचे उत्तर दिले. गरिबी एका वर्षात दूर होणारी नाही, हे तिचे म्हणणे तर सरळ सत्य होते. तिला तिसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले, आणि त्या उत्तरानेच मुकुट हुकला, असे पुढे कित्येक वर्षे बोलले गेले. अशा व्यासपीठावर गरिबीविषयी गोड बोलावे लागते, खरे बोलून चालत नाही, हा धडा पुढच्या स्पर्धकांनी पाठ केला असल्यास नवल नाही.

काळाच्या दडपणाखाली काही सुधारणा झाल्या, हे मान्य केले पाहिजे. २०१६ साली 'मिस टीन यूएसए' मधून पोहण्याच्या पोशाखाची फेरी वगळण्यात आली आणि तिच्या जागी व्यायामाच्या पोशाखाची फेरी आली. शाळकरी मुलींना त्या पोशाखात परीक्षकांपुढून चालविणे गैर आहे, हे कळावयास या संस्थेला तेहतीस वर्षे लागली. परंतु कापड वाढले म्हणून दृष्टी बदलली, असे झाले नाही. त्याच वर्षी अखेरच्या फेरीत उरलेल्या पाचहीजणी सोनेरी केसांच्या, गोऱ्या आणि जवळजवळ एकसारख्या दिसणाऱ्या होत्या. त्यावर अमेरिकेतच टीकेची झोड उठली. पुढे २०१९ मध्ये 'मिस अमेरिका', 'मिस यूएसए' आणि 'मिस टीन यूएसए' हे तिन्ही किताब प्रथमच एका वेळी कृष्णवर्णीय युवतींकडे आले. ज्या देशात गोरेपणा हीच दीर्घकाळ सौंदर्याची व्याख्या होती, तेथे याचा आनंद वाटणे स्वाभाविक आहे आणि त्या आनंदाला नाक मुरडण्याचे कारण नाही. तथापि रांगेत कोणाला उभे राहू द्यावयाचे, याचा नियम उदार झाला तरी रांग लावण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता, त्यांच्याकडेच राहिला. २०२३ मध्ये भारतीय-मेक्सिकन वंशाच्या मुलीच्या मस्तकावर मुकुट ठेवणाऱ्या संस्थेला तिचे वैविध्य हवे होते. तिचा आवाज हवा होता काय, याचे उत्तर आठ महिन्यांच्या आत मिळाले.

स्पर्धांच्या समर्थकांचा एक युक्तिवाद मात्र प्रामाणिकपणे ऐकून घेतला पाहिजे. लहान गावातील, सामान्य ऐपतीच्या मुलीला या व्यासपीठावरून आत्मविश्वास मिळतो, शिष्यवृत्ती मिळते, बाहेरचे जग दिसते, असे ते म्हणतात. काहीजणींच्या बाबतीत हे खरेही आहे. परंतु या दाव्यामागील आकडे तपासण्याची वेळ आली, तेव्हा काय आढळले? 'मिस अमेरिका' ही संस्था दरवर्षी साडेचार कोटी डॉलरच्या शिष्यवृत्त्या 'उपलब्ध' करून देते, असे सांगत असे. २०१४ साली एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने हिशेब तपासला, तेव्हा 'उपलब्ध' आणि 'प्रत्यक्ष दिलेल्या' या दोन शब्दांत आकाशपाताळाचे अंतर असल्याचे निघाले. आणि हे अंतर नसते, तरीही मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. मुलीला महाविद्यालयात जाण्यासाठी पायघोळ झगा घालून परीक्षकांपुढे का चालावे लागावे? शिक्षण हा हक्क असता, तर त्यासाठी रूपाची लिलावबोली कोणी लावली नसती. जेथे शिक्षणाचे दार बंद असते, तेथे मुकुटाची खिडकी उघडी ठेवली जाते. आणि खिडकीतून आत शिरलेल्या एकीकडे बोट दाखवून, दार बंद नाहीच, असे उरलेल्या हजारोजणींना पटविले जाते.

विरोध करणाऱ्यांनीही येथे सावध असले पाहिजे, कारण सौंदर्यस्पर्धांना होणारा सगळाच विरोध एका जातीचा नसतो. ७ सप्टेंबर १९६८ रोजी अटलांटिक सिटीच्या समुद्रकाठी अमेरिकन स्त्रियांनी 'मिस अमेरिका' विरुद्ध निदर्शने केली. त्यांनी एका मेंढीला मुकुट चढविला आणि टाचांचे बूट, खोट्या पापण्या, अंगाला आवळणारी वस्त्रे एका कचराकुंडीत फेकली. त्या मेंढीच्या मुकुटाने स्पर्धेतील मुलीही दुखावल्या जातात, अशी टीका पुढे त्या चळवळीतील काही स्त्रियांनीच केली, आणि ही आत्मपरीक्षणाची वृत्ती हेच त्या चळवळीचे सामर्थ्य होते. भारतात १९९६ साली बंगळूरला 'मिस वर्ल्ड' स्पर्धा झाली, तेव्हा स्त्रीसंघटना, शेतकरी संघटना आणि संस्कृतिरक्षक एकाच वेळी रस्त्यावर उतरले. पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्स बेटांवर हलवावी लागली. मदुराईत एका तरुणाने स्वतःस जाळून घेतले. परंतु घोषणा शेजारीशेजारी दिल्या गेल्या, तरी त्यांचे अर्थ एक नव्हते. स्त्रीसंघटनांचे म्हणणे होते की, स्त्रीचे शरीर बाजाराच्या मालकीचे नाही. संस्कृतिरक्षकांचे म्हणणे असे की, ते बाजाराच्या मालकीचे नाही, कारण ते घराण्याच्या मालकीचे आहे. मालक बदलून गुलामी संपत नाही. मुलीने काय नेसावे हे ठरविण्याचा अधिकार कंपनीकडून काढून गावातील चार मुखंडांच्या हाती देणे, यात तिची मुक्ती नाही.

भारतातही हा प्रश्न परका उरलेला नाही. १९९४ मध्ये एकाच वर्षी दोन भारतीय तरुणींना दोन जागतिक किताब मिळाले. त्यांपैकी सुश्मिता सेन तेव्हा अवघी अठरा वर्षांची होती. आर्थिक धोरण १९९१ मध्ये बदलले होते आणि प्रसाधनांच्या कंपन्यांना नवी बाजारपेठ खुली झाली होती. भारतीय स्त्रिया त्या दोन-तीन वर्षांत अकस्मात सुंदर झाल्या, असे मानण्यापेक्षा भारतीय ग्राहक अकस्मात महत्त्वाचा झाला, असे मानणे अधिक समंजसपणाचे ठरेल. मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीचे १९७५ साली बाजारात आलेले गोरेपणाचे मलम २०२० पर्यंत 'फेअर' हा शब्द नावात मिरवीत होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या आंदोलनाचे पडसाद जगभर उमटल्यावरच तो शब्द गळला. आज किशोरवयीन मुलींच्या, स्वतःला 'राष्ट्रीय' म्हणविणाऱ्या एकाहून अधिक खाजगी स्पर्धा या देशात भरतात. त्यांच्याविषयी कायदा काय म्हणतो? बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही, आणि त्याच्या मिळकतीचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेव म्हणून ठेवावा लागतो. परंतु हे नियम चौदा वर्षांखालील मुलांपुरते. चौदा ते अठरा या वयोगटाला कायदा केवळ धोक्याच्या कामांपासून वाचवितो. आणि रूपाची स्पर्धा ही धोक्याच्या कामांच्या यादीत बसत नाही. ज्या वयात संरक्षणाची सर्वाधिक गरज, त्याच वयात मुलगी कायद्याच्या दोन कलमांमधील फटीत उभी आहे.

दरम्यान स्पर्धा सभागृहाच्या भिंती ओलांडून केव्हाच बाहेर पडली आहे. 'मिस टीन यूएसए' चे दूरचित्रवाणीवरील नियमित प्रक्षेपण २००७ नंतर थांबले, तेव्हा अनेकांना वाटले की हा प्रकार आपल्या मरणाने मरेल. घडले ते उलटच. प्रत्येक मुलीच्या हातातील फोन हेच व्यासपीठ झाले, आणि अनोळखी माणसांनी उठविलेली पसंतीची मोहोर हेच परीक्षकांचे गुण झाले. फेसबुक कंपनीच्या अंतर्गत संशोधनातील कागदपत्रे २०२१ साली उघडकीस आली. स्वतःच्या शरीराविषयी आधीच असमाधानी असलेल्या किशोरींपैकी दर तिघींत एकीचे ते दुःख इन्स्टाग्राम वाढविते, हे कंपनीला ठाऊक होते असे त्यांतून दिसले. एक्कावन्न मुलींची स्पर्धा आता कोट्यवधी मुलींची झाली आहे. हिला प्रवेशशुल्क नाही आणि शेवटची फेरीही नाही. या नव्या व्यासपीठावरचे धोकेही जुन्यांहून भयंकर आहेत. २०१३ च्या 'मिस टीन यूएसए' विजेतीच्या संगणकातील कॅमेऱ्यात शिरकाव करून एका तरुणाने तिच्या खोलीतील छायाचित्रे चोरली आणि तिला धमकावले. ती गप्प बसली नाही, पोलिसांकडे गेली आणि इतर मुलींना सावध करीत राहिली. गुन्हेगाराला २०१४ मध्ये अठरा महिन्यांची कैद झाली. बोलण्याचे धैर्य असले म्हणजे मुकुटाचा उपयोगही लोकांसाठी करता येतो, याचे ते उदाहरण आहे. मात्र त्याचे श्रेय त्या मुलीचे आहे, स्पर्धेचे नव्हे.

मग करावयाचे काय? बंदी हे सर्वांत सोपे उत्तर. फ्रान्सच्या सीनेटने सप्टेंबर २०१३ मध्ये सोळा वर्षांखालील मुलींच्या सौंदर्यस्पर्धांवर बंदी घालण्याच्या बाजूने कौल दिला; मुलींना अकाली प्रौढ स्त्रीच्या साच्यात बसविण्यावर तेथे आदल्या वर्षी एक सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला होता. लहान मुलींच्या बाबतीत अशा बंदीला विरोध करण्याचे काही कारण दिसत नाही. दहा वर्षांच्या मुलीच्या रूपाला गुण देण्याने समाजाचे कोणते कल्याण साधते, हे अजून कोणी सांगितलेले नाही. परंतु पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत, केवळ बंदीने काम भागत नाही. तिला मन आहे, मत आहे, आणि नटावेसे वाटण्याचा हक्कही आहे. तिच्या नटण्याशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. भांडण आहे ते तिच्या नटण्यातून जो नफा काढतो, आणि तो काढताना तिला बोलू देत नाही, त्याच्याशी.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. अठरा वर्षांखालील मुलीकडून स्पर्धेत भाग घेण्यासाठी कोणतेही शुल्क घेण्यास मनाई असावी. किताबानंतरचे प्रत्येक जाहीर काम हे श्रम म्हणून गणले जावे, त्याचा मोबदला ठरावा आणि बालकलाकारांप्रमाणे त्याचा भाग मुलीच्या नावे सुरक्षित राहावा. छळाची तक्रार करण्यास मज्जाव करणारे गुप्ततेचे कोणतेही कलम अल्पवयीन मुलीवर बंधनकारक नसावे, मग त्याखाली तिच्या पालकांची सही असो वा नसो. कपडे बदलण्याच्या खोलीच्या दारापाशी मालकाचा अधिकार संपला पाहिजे. आणि तक्रार ऐकण्यासाठी संस्थेबाहेरची यंत्रणा हवी, कारण ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच कचेरीत न्याय मागावयास लावणे ही न्यायाची थट्टा आहे. या मागण्या मान्य झाल्या तर काही स्पर्धा बंद पडतील. ज्या उद्योगाला मुलींना न्याय देणे परवडत नाही, तो बंद पडला म्हणून हळहळण्याचे कारण नाही.

कायद्याच्या पलीकडचे काम शाळांचे आणि घरांचे आहे. ज्या गावात मुलींसाठी मैदान नाही, वाचनालय नाही, रंगमंच नाही, प्रयोगशाळा नाही, तेथे 'सुंदरी' निवडण्याचा कार्यक्रम हाच मुलीला मिळणारा एकमेव टाळ्यांचा प्रसंग ठरतो. त्या टाळ्यांची तहान खोटी नाही. ती भागविण्याच्या दुसऱ्या जागा समाजाने निर्माण केल्या नाहीत, हे अपयश समाजाचे आहे. क्रीडांगण उभारीन, असे म्हणणारी मधू सप्रे परीक्षकांना बहुधा भोळी वाटली असेल. आज मागे वळून पाहता, त्या व्यासपीठावर दिल्या गेलेल्या उत्तरांपैकी ते सर्वांत शहाणपणाचे होते, असेच म्हणावे लागते.

न्यू जर्सीच्या त्या मुलीने मुकुट परत करताना पुढचा बेतही सांगितला होता. अकरावी पूर्ण करावयाची होती आणि महाविद्यालयांकडे अर्ज करावयाचे होते. राष्ट्राने दिलेला म्हणून सांगितला गेलेला किताब एका पारड्यात आणि स्वतःच्या तोंडाने बोलण्याचे स्वातंत्र्य दुसऱ्या पारड्यात, असे माप समोर आले, तेव्हा एका शाळकरी मुलीला दुसरे पारडे जड वाटले. तिच्या रूपाला गुण देणारे परीक्षक पुष्कळ होते. तिच्या या निर्णयाचे मोल करण्यास मात्र परीक्षकांची गरज नाही. ते समाजाने करावयाचे आहे, आणि ते करावयाचे तर पुढच्या मुलीला असा निर्णय एकटीने घ्यावा लागू नये, अशी व्यवस्था निर्माण करूनच करता येईल.